फॉरमॅट मारण्याआधी

पनवेलमधल्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन सांगा, की मशीनमध्ये काहीतरी घुसलंय, कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटतं. पुढचं उत्तर ठरलेलं असतं. ‘ठेवून जा, फॉरमॅट मारून ठेवतो, संध्याकाळी या.’ संध्याकाळी मशीन चकाचक होऊन परत मिळतं. विंडोज नवं, ऑफिस नवं, जुने फोटो आणि कागदपत्रं ‘डी’ ड्राइव्हमध्ये जशीच्या तशी. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. ज्याने हेरगिरी केली तोही खूश, कारण त्याच्या येण्याजाण्याच्या बहुतेक खुणा आता पुसल्या गेल्या आहेत.

फॉरमॅटला नावं ठेवण्यासाठी ही पुस्तिका लिहिलेली नाही. स्पायवेअर खात्रीने घालवायचं तर शेवटी विंडोज नव्याने टाकण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि पुढच्या पानांत तेच सांगितलं आहे. भांडण आहे ते क्रमाशी. आधी बघायचं, मग नोंदवायचं आणि मग काढायचं, असा क्रम हवा. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी पडते. चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आत फरशी पुसून घ्यावी, तसा हा प्रकार.

हा क्रम किती मोलाचा असू शकतो हे दाखवणारं प्रकरण आमच्या तालुक्यातच येऊन थांबलेलं आहे. तळोजा मध्यवर्ती कारागृह पनवेल तालुक्यात येतं. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणातले पुरुष आरोपी २०२० मध्ये येरवड्याहून इथे आणले गेले. पुण्यात शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ रोजी झालेली परिषद, दुसऱ्या दिवशीचा भीमा कोरेगावचा हिंसाचार, जून २०१८ पासूनची अटकसत्रं हे सगळं वाचकांना माहीत आहे. त्यातली कॉम्प्युटरची बाजू मात्र मराठीत फारशी कुणी उलगडून सांगितलेली नाही. आरोपांचा मोठा भार काही पत्रांवर आहे, आणि ही पत्रं म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फायली आहेत.

या प्रकरणातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घराची पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी झडती घेतली आणि कॉम्प्युटर जप्त केला. त्याच्या डिस्कची प्रत पुढे बचाव पक्षाला मिळाली. ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल पुरावे तपासणाऱ्या कंपनीने तपासली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा पहिला अहवाल बाहेर आला. अहवालात म्हटलंय ते असं. १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना सहआरोपी कवी वरवरा राव यांच्या खात्यावरून मेल आले. सोबतची फाइल उघडून पाहा, असा मेल पाठवणाऱ्याचा आग्रह होता. विल्सन यांनी फाइल उघडली, पडद्यावर खरोखरच एक कागदपत्र दिसलं, आणि त्याच्याआड नेटवायर नावाचा प्रोग्राम मशीनमध्ये जाऊन बसला. त्यानंतर २२ महिन्यांहून अधिक काळ ते मशीन दुसऱ्याच्याही हातात होतं. त्याच काळात एक लपवलेला फोल्डर तयार झाला आणि आरोपपत्रातली सर्वांत महत्त्वाची दहा पत्रं त्यात बाहेरून आणून ठेवली गेली. विल्सन यांनी ती कधी उघडल्याची खूण डिस्कवर सापडली नाही. याच प्रकरणातले आरोपी, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि रांचीचे फादर स्टॅन स्वामी यांच्या डिस्कबद्दलही याच कंपनीचे असेच अहवाल पुढे आले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे अहवाल मान्य केलेले नाहीत, आणि त्यांची कसोटी खटल्यातच लागायची आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन आणि सहआरोपी सुधीर ढवळे यांना जामीन दिला तेव्हा अटकेला साडेसहा वर्षं उलटली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम आहे, प्रस्तावना लिहिणाऱ्याचं नव्हे. मला रस आहे तो एवढ्यातच, की इतक्या वर्षांनी, इतक्या दूर बसून कुणाला काही बोलता तरी कसं आलं. डिस्क शाबूत होती म्हणून. त्यावरच्या खुणा वाचता आल्या म्हणून.

कसल्या खुणा? आधी हाताने लिहिलेल्या पुराव्याचं एक उदाहरण बघू. पनवेलजवळच्या शिरढोणचे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८७९ मध्ये पकडले गेले तेव्हा त्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र इंग्रजांच्या हाती लागलं, आणि पुण्यातल्या खटल्यात तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचलं गेलं. सार्वजनिक काका त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, पण मजकूर खुद्द वासुदेव बळवंतांनी लिहिलेला होता. कॉम्प्युटरमधल्या फाइलला अक्षराचं वळण नसतं. तुमच्या मशीनवर सापडली म्हणजे तुम्हीच लिहिली, असं मानायला कुणालाही मोह होतो. पण फाइललाही लिहिणाऱ्याच्या खुणा चिकटलेल्या असतात. विल्सन यांच्या मशीनवर वर्ड २००७ होतं, आणि ती पत्रं पीडीएफ करताना वर्ड २०१० किंवा २०१३ वापरलेलं होतं, असं अहवाल सांगतो. म्हणजे ज्या दौतीची शाई कागदावर आहे ती दौत त्या घरात नव्हतीच. शिवाय हेर स्वतःही रोजनिशी ठेवतो. नेटवायरसारखा प्रोग्राम तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ टिपून त्याच मशीनवर एका फाइलमध्ये साठवतो आणि सवडीने मालकाकडे पाठवतो. स्टॅन स्वामींच्या डिस्कवरच्या अशा नोंदी तपासणाऱ्यांनी उलगडून वाचल्या. आर्सेनलच्या म्हणण्यानुसार त्या मशीनवर हेराची ये-जा ऑक्टोबर २०१४ पासून होती आणि ११ जून २०१९ रोजी त्याने आपल्या खुणा पुसायला घेतल्या. पोलिसांची झडती १२ जूनला झाली. इतक्या घाईने पुसूनही पुष्कळ काही मागे राहिलं. दुकानातला फॉरमॅट मात्र, विशेषतः आताच्या डिस्कवर, याहून कितीतरी चोख पुसतो.

‘पण आम्ही कुठे एवढे मोठे लागून गेलो? आमच्यावर कोण पाळत ठेवणार?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नेटवायर काही कुठल्या गुप्तहेर खात्याच्या प्रयोगशाळेत बनलेलं नव्हतं. एका वेबसाइटवर ते वर्षानुवर्षं उघड विकलं जात होतं, आणि तेही दूरवरून मशीन सांभाळण्याचं साधन म्हणून. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी यंत्रणेने ती वेबसाइट ताब्यात घेतली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली. तोवर ज्याच्याकडे थोडे डॉलर होते त्याला ते मिळत होतं, आणि बँकेचे पासवर्ड चोरणारे भुरटेही तेच वापरत होते. आणि पनवेलच्या घराघरांतल्या कॉम्प्युटरमध्ये काय असतं ते आठवून बघा. साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडाची कागदपत्रं, खरेदीखतं, सातबारे, घरातल्या सगळ्यांच्या आधार-पॅनच्या स्कॅन, जीएसटीचं लॉगिन, कुणाकुणाची डिजिटल सही. विमानतळ आल्यापासून इथल्या जमिनीच्या कागदांना जो भाव आला आहे तो पाहता, पाळत ठेवायला आणखी मोठं कारण कशाला हवं?

पूर्वीचे व्हायरस मिरवायचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात अँटिव्हायरस लिहायला घेतला, पुढे त्याचंच क्विक हील झालं. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांत मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसचा उतारा होता. हा व्हायरस ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या जन्मदिवशी, डिस्कवरची माहिती उडवायचा. त्या दिवशी मशीन बंद पडलं की सगळ्यांना कळायचं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्याने शेजारच्या जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प केलं, तेव्हाही ट्रकच्या रांगांवरून उरण-पनवेलला ते कळलंच. (तो व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून जगभर पसरला होता, ही गोष्ट ‘अपडेट आलाय, दाबून टाक’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. अपडेट करू नका असं माझं म्हणणं मुळीच नाही.) स्पायवेअरचं सगळं उलट. तुमचं मशीन सुरळीत चालण्यातच त्याचा फायदा. ते बिघडलं तर तुम्ही दुकान गाठाल आणि त्याचा मुक्काम संपेल.

म्हणून ‘मशीन स्लो झालंय’ ही तक्रार स्पायवेअरची खूण म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. दहातली नऊ स्लो मशीन जुनी हार्ड डिस्क, भरलेला सी ड्राइव्ह आणि क्रोमच्या चाळीस उघड्या खिडक्यांमुळे स्लो असतात. सारखी जाहिरात उसळत असेल तर तो बहुधा ब्राउझरमधला एखादा आगाऊ एक्स्टेन्शन असतो, किंवा कधीतरी ‘अलाउ’ दाबून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी. ही ब्याद पाच मिनिटांत जाते, तिच्यासाठी फॉरमॅट म्हणजे निव्वळ उधळपट्टी. ज्या खुणांकडे खरोखर बघायला हवं त्या कंटाळवाण्या असतात. मशीन सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं, कुठला प्रोग्राम कुठल्या फोल्डरातून चालतोय, कुणाचं इंटरनेटवर कुणाशी बोलणं चाललंय, या त्या खुणा. एसव्हीसीहोस्ट (svchost) नावाची प्रोसेस प्रत्येक विंडोजमध्ये डझनांनी दिसते आणि ती सिस्टम३२ या फोल्डरातून चालते. त्याच नावाचं काही तुमच्या स्वतःच्या अ‍ॅपडेटा फोल्डरातून चालताना दिसलं, की कान टवकारायचे. मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट साधन आपोआप चालू होणाऱ्या सगळ्या गोष्टी त्यांच्या जागांसकट एका पडद्यावर मांडतं. पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण त्यावर आहे आणि ते वाचताना जांभया येतील. येऊ द्याव्यात. त्याच वेळी फाइलच्या नावामागचं शेपूट दाखवण्याची सेटिंग चालू करून घ्यावी, म्हणजे ‘नोटीस डॉट पीडीएफ’ म्हणून मिरवणाऱ्या फाइलच्या टोकाला ‘डॉट ईएक्सई’ आहे की नाही ते दिसतं. विंडोज हे शेपूट मुळात लपवून का ठेवतं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

एक जागा जरा जवळून दाखवतो, कारण ती बघायला कुणी सांगत नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये जा आणि तळाशी ‘एक्स्क्लूजन्स’ शोधा. अँटिव्हायरसने जिकडे बघायचं नाही अशा जागांची ही यादी असते. घरगुती मशीनवर ती रिकामी असायला हवी. कामोठ्यातल्या एका कर सल्लागाराच्या कॉम्प्युटरवर या यादीत एकच नोंद होती, ती म्हणजे अख्खा सी ड्राइव्ह. अँटिव्हायरस चालू, हिरवी खूण जागेवर, ‘कुठलाही धोका आढळला नाही’ हा निरोप दररोज. बघूच नको म्हटल्यावर आढळणार काय? हे कुणा परदेशी हॅकरचं काम नव्हतं. मशीन विकत घेताना विक्रेत्याने चोरीचं ऑफिस ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून दिलं होतं. ते क्रॅक अँटिव्हायरसला खपत नाही, म्हणून त्यालाच डोळे मिटायला लावलं होतं. आपल्याकडे स्पायवेअर शिरण्याचा हमरस्ता हाच आहे. क्रॅकमधलं प्रत्येक वेळी काही वाईट असतंच असं नाही, पण ते तपासायची सोय आपण आपल्या हाताने बंद केलेली असते. आणि फॉरमॅट मारून देणारा पुन्हा तेच क्रॅक, त्याच पेनड्राइव्हवरून टाकून देतो. लोक मग म्हणतात, फॉरमॅट मारूनही काही फरक पडला नाही. पडेल कसा?

दुसरा रस्ता घरातूनच येतो आणि त्याबद्दल लिहिणं जास्त अवघड आहे. नवऱ्याने बायकोच्या लॅपटॉपवर, भावाने भावाच्या, मालकाने कामगाराच्या मशीनवर कळा टिपणारा प्रोग्राम बसवणं ही फार दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. त्याला मेलचं आमिष लागत नाही, पाच मिनिटं मशीन हाताशी लागतं. कधी तर प्रोग्रामही नसतो. कीबोर्डची वायर जिथे सीपीयूला जोडली जाते तिथे मागे बोटाच्या पेराएवढा एक तुकडा लावलेला असतो, आणि तो कुठल्याही अँटिव्हायरसला दिसत नाही. टेबलाखाली वाकून बघणं हाच त्यावरचा उपाय. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर परवानगीशिवाय असं काही बसवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तक्रार द्यायला गेलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारला जातो तो पुराव्याचा, आणि पुरावा आदल्याच संध्याकाळी दुकानात फॉरमॅट झालेला असतो. अशा घरात आणखी एक भान ठेवावं लागतं. पाळतीचा प्रोग्राम काढून टाकला, की पाळत ठेवणाऱ्याला ते लगेच कळतं. ज्या बाईला मारहाणीची भीती आहे तिने तो काढायच्या आधी स्वतःच्या सुरक्षिततेची सोय लावावी आणि मगच त्याला हात लावावा. या विषयावरची इंग्रजी पुस्तकं ‘रिमूव्ह’चं बटण दाखवून मोकळी होतात, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिलं.

तर मग करायचं काय? सविस्तर कृती पुढे आहेच, इथे तिच्यामागचं तर्कशास्त्र तेवढं सांगतो. संशय पक्का झाला की त्या मशीनवर पासवर्ड बदलायचे नाहीत, कारण नवा पासवर्डही जुन्याच रस्त्याने जाईल. ते काम दुसऱ्या, भरवशाच्या मशीनवरून करायचं. बदलताना ‘सगळीकडून लॉगआउट’ हेही दाबायचं, कारण आजकालचं स्पायवेअर ब्राउझरमध्ये साठलेलं लॉगिनच उचलून नेतं, त्याला पासवर्डची गरजच उरत नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये आपले मेल तिसऱ्याच कुणाला फॉरवर्ड होत नाहीत ना, हे बघायचं. ही वाट कॉम्प्युटर दहा वेळा फॉरमॅट केला तरी उघडीच राहते. संशयित मशीनचं इंटरनेट तोडायचं. पडद्यावर जे दिसतंय त्याचे फोटो काढायचे आणि तारीख-वेळ वहीत लिहायची.

आणि प्रकरण पोलीस, कोर्ट किंवा जमिनीच्या वादापर्यंत जाईल अशी थोडीशीही शक्यता असेल तर फॉरमॅट न करता डिस्कच बदलायची. जुनी डिस्क काढून पाकिटात घालायची, वर तारीख टाकायची आणि मशीनला नवी डिस्क बसवायची. खर्च फॉरमॅट-सर्व्हिसिंगपेक्षा जास्त येतो, पण विकत मिळत नाही अशी वस्तू हाती राहते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्क फॉरमॅट केल्या तरी जाणकाराला त्यातून पुष्कळ काही परत काढता यायचं. आताच्या एसएसडीत ती आशा सोडावी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच आतून मोकळी करून टाकते. नव्या विंडोजमध्ये बहुधा डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. तेव्हा काढण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घेतली नाही, तर जपून ठेवलेली डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडणारच नाही. ज्या वकिलाकडे जाल त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ विचारा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या या कलमाखालच्या प्रमाणपत्रात डिजिटल पुराव्याची हॅश नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या, मजकुरातला एक काना बदलला तरी ती पूर्ण बदलते. नंतर कुणी हात लावला नाही हे त्यावरूनच सिद्ध होतं.

ज्यांचं प्रकरण इतकं गंभीर नाही त्यांनी डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवावं. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत ते तपासणी करतं, त्यामुळे आत बसलेल्याला लपायला कमी वाव मिळतो. सर्ट-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राची फुकट साधनंही वापरून बघावीत. पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावावा, तिथे मिनिटांनी फरक पडतो. आणि मशीनवर अजून विंडोज १० असेल, तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नव्याने टाकायचंच तर तेच पुन्हा टाकू नये.

फोनबद्दल या पुस्तिकेत काही नाही, आणि ती उणीव नाकारण्यात अर्थ नाही, कारण बहुतेकांचं आयुष्य आता तिथेच असतं. विल्सन यांच्या आयफोनवर पेगॅसस या स्पायवेअरचे हल्ले झाल्याचं आर्सेनलने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलं, ते त्या फोनचे बॅकअप कॉम्प्युटरच्या डिस्कवर सापडले म्हणून. फोन स्वतः आपल्या आतलं इतकं सहज दाखवत नाही. त्याच्यावर वेगळं पुस्तक लागेल, आणि ते दर सहा महिन्यांनी पुन्हा लिहावं लागेल.